पावसाचा हिशेब, गावाचा भरवसा

मृगाच्या सरी कोसळल्या की तिफण धरावयाची, आर्द्रा-पुनर्वसूत खुरपणी उरकावयाची आणि हस्ताचा पाऊस झाला की रब्बी ज्वारीची पेरणी करावयाची, हे महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वेळापत्रक होय. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की मेंढा, हे पंचांगात पाहून यंदा पाणी किती, याचा अंदाज पारावर बसून बांधला जात असे. तो अंदाज कधी खरा ठरे, कधी खोटा. परंतु पाऊस मागेपुढे झाला तरी त्याची चाल ओळखीची होती. गेल्या काही दशकांत ही ओळखच पुसट होत चालली आहे. मृग कोरडा जातो, दुबार पेरणी करावी लागते, ऐन काढणीच्या वेळी ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हातातोंडाशी आलेल्या गव्हा-हरभऱ्यावर गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट राज्यातील शेतकरी अद्याप विसरलेला नाही.

जगभर ज्याची चर्चा चालते तो हवामान बदल गावाच्या वेशीत शिरतो तो पाण्याच्या रूपाने. कधी पाणी नसते म्हणून, तर कधी ते नको तेव्हा आणि नको तेवढे येते म्हणून. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली, नदीकाठची जमीन खरवडून गेली. एकाच प्रदेशाने दहा वर्षांच्या आत ही दोन्ही टोके अनुभवली. अशा वेळी सामान्य शेतकऱ्याच्या मनात सहज प्रश्न उभा राहतो : जे आभाळातच बिघडले आहे, त्यावर जमिनीवरच्या माणसाने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातील काही गावांनीच दिले आहे. ते उत्तर म्हणजे पाण्याचा ताळेबंद.

हवा तापते म्हणजे काय होते?

कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने हवेत कार्बन डाय-ऑक्साइड वायू मिसळतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. सूर्याची उष्णता जमिनीपर्यंत येऊ द्यावयाची, परंतु जमिनीतून परत फेकली जाणारी उष्णता काही अंशी अडवून धरावयाची, हा या वायूचा गुणधर्म. थंडीत अंगावर एक घोंगडी होती, तेथे दुसरी पडावी, तशी पृथ्वीची स्थिती झाली आहे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढले होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात नमूद केले आहे.

एक अंश हा आकडा किरकोळ वाटतो. दुपारच्या आणि सायंकाळच्या तापमानात याहून कितीतरी अधिक फरक असतो. परंतु येथे गोष्ट संपूर्ण पृथ्वीच्या सरासरीची आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्याचा परिणाम दुहेरी होतो. तापलेली हवा शेतातील, तलावातील आणि झाडाझुडपांतील ओल अधिक वेगाने शोषून घेते. म्हणून पावसातील खंड पूर्वीपेक्षा अधिक जाचक ठरतो. आणि साठलेले अधिक बाष्प जेव्हा मोकळे होते तेव्हा ते रिमझिम न बरसता कोसळते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे सर्वविदित आहे. एखाद्या एकट्या दिवसाच्या पावसाचे खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही; दीर्घकाळाच्या नोंदी मात्र बोलक्या आहेत. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे त्यातून दिसून आले.

पाऊस पडतो, पाणी राहत नाही

वर्षभराच्या पावसाची बेरीज तीच राहिली, तरी तो कसा पडला यावर गावाचे नशीब अवलंबून असते. याचे कारण महाराष्ट्राच्या भूमीत दडलेले आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीप्रमाणे हा खडक पाणी पोटात साठवून ठेवीत नाही. पाणी मुरते ते वरच्या मातीत, तिच्याखालील मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही जागा मर्यादित आहे आणि तेथवर पोहोचण्यास पाण्याला वेळ लागतो.

पाचशे मिलिमीटर पाऊस चाळीस दिवसांत थांबून थांबून पडला तर माती तो पिऊन घेते. तोच पाऊस आठ-दहा दिवसांत कोसळला तर तो मातीला सोबत घेऊन ओढ्याने निघून जातो. पर्जन्यमापकावरील आकडा दोन्ही वर्षी सारखाच असतो. विहिरीतील पाण्याची पातळी मात्र सारखी नसते. म्हणूनच ‘पाऊस तर चांगला झाला होता, मग फेब्रुवारीत विहीर का आटली?’ असा प्रश्न गावोगाव ऐकू येतो.

पाणी व माती जागच्या जागी अडविण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डोंगरउतारावर ताली व बंधारे घालून माती आणि तिच्यातील सत्त्व वाहून जाऊ देऊ नये, ही सूचना महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात केली होती. १९७२ च्या भीषण दुष्काळाने या विचाराला तातडीचे स्वरूप आले. दुष्काळी कामांतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव यांची कामे खेडोपाडी झाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा एकत्र विचार करावयास हवा, हे सूत्र पुढे मान्यता पावले.

परंतु अनुभवाने आणखी एक गोष्ट शिकविली. अडविलेले पाणी विहिरीत आले की त्यावर पहिला हक्क ज्याच्या पंपाची शक्ती अधिक त्याचा, असेच बहुधा घडते. बंधारे झाले, पाणी वाढले, त्याबरोबर ऊस वाढला, कूपनलिका वाढल्या आणि चार-पाच वर्षांत गाव पुन्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले, अशी उदाहरणे थोडी नाहीत. पाणी अडविणे हे काम अर्धेच आहे. उरलेले अर्धे काम म्हणजे अडविलेल्या पाण्याचा हिशेब ठेवणे.

ताळेबंद कसा मांडावा?

हा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी मिळते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की पुढची बेरीज-वजाबाकी सातवीतील विद्यार्थ्यालाही करता येते.

उदाहरणादाखल एका गावाची कल्पना करू या. शिवार एक हजार हेक्टर, लोकसंख्या दीड हजार, मोठी जनावरे पाचशे आणि पाऊस ५०० मिलिमीटर. या गावाच्या शिवारात वर्षभरात ५० लाख घनमीटर, म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी आभाळातून पडते. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर दीड हजार लोकांना वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर लागते. जमेच्या रुपयातील हा एक पैसाही होत नाही. तरीही अशाच गावांत उन्हाळ्यात टँकर येतो.

पडलेल्या पावसाचा फार मोठा भाग पिके, गवत, झाडे आणि उघडी जमीन यांच्यावाटे पुन्हा हवेत जातो. काही भाग ओढ्या-नाल्यांनी वाहून जातो. कठीण पाषाणाच्या प्रदेशात भूगर्भात मुरणारा हिस्सा सोयीसाठी दहा टक्के धरला, तर या गावाच्या खात्यावर भूजल म्हणून पाच लाख घनमीटर जमा होते. त्यातून माणसांचे व जनावरांचे मिळून सुमारे ४० हजार घनमीटर सर्वप्रथम बाजूला काढावयाचे. पुढील वर्षी मृग लांबला तर हाताशी असावे आणि ओढ्याचा झराही सर्वस्वी आटू नये, म्हणून समजा आणखी ६० हजार राखून ठेवले. शेतीसाठी उरले चार लाख घनमीटर.

आता खर्चाची बाजू. उसाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरले आणि त्यातून पावसाचे पाचशे वजा केले, तरी प्रत्येक हेक्टरला १५ हजार घनमीटर पाणी विहिरीतून उपसावे लागेल. या हिशेबाने उरलेले सर्व पाणी सव्वीस-सत्तावीस हेक्टर उसातच संपते. हजार हेक्टरांच्या शिवारात एवढे क्षेत्र म्हणजे फार तर वीस-पंचवीस कुटुंबांचे. तेच पाणी ज्वारी वा हरभऱ्याला प्रत्येकी ७५ मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्यांच्या रूपाने दिले, तर हेक्टरी दीड हजार घनमीटर पुरते आणि सुमारे २६६ हेक्टर रब्बी भिजते. एका हेक्टर उसाच्या पाण्यात दहा हेक्टर रब्बी, असा हा सरळ व्यवहार आहे.

पाऊस ५०० ऐवजी ३०० मिलिमीटर झाला तर काय होईल? मुरणारे प्रमाण तेच राहिले असे धरले तरी भूजल तीन लाख घनमीटर होईल. पिण्याचे ४० हजार आणि राखीव ६० हजार कमी करता येत नाहीत. म्हणजे शेतीला उरतील दोन लाख. पाऊस चाळीस टक्क्यांनी घटला, परंतु शेतीचे पाणी निम्म्यावर आले. तुटीच्या वर्षी पीक नेमके कोठे कमी करावयाचे, हे ऑक्टोबरमध्येच ठरले नाही, तर फेब्रुवारीत ते विहीरच ठरविते आणि तोवर बियाणे, खत व मजुरी यांवरील पैसा जमिनीत गेलेला असतो.

प्रत्येक गावाची माती, उतार आणि खडक निराळे असल्याने वरील आकडे जसेच्या तसे कोणत्याही गावाला लागू होणार नाहीत. त्यासाठी मोजमाप हवे. गावात पर्जन्यमापक बसविणे, निवडक विहिरींतील पाण्याची पातळी ठरलेल्या दिवशी दोरीने मोजून वहीत लिहिणे आणि पिकाखालील क्षेत्राची नोंद ठेवणे, एवढ्या तीन गोष्टींवर हा ताळेबंद उभा राहतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिचे मार्गदर्शन आणि गावाच्या स्वतःच्या नोंदी यांची सांगड घातली की हिशेबाला भक्कमपणा येतो. पाऊस कसा पडला याचे रहस्य विहिरीच्या पातळीतच उघड होत असल्याने या नोंदीचे महत्त्व बदलत्या हवामानात अधिकच वाढले आहे.

हिवरे बाजारचा पाठ

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडते. तेथील सरासरी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास आहे. १९८० च्या दशकात या गावाची स्थिती दयनीय होती. डोंगर उघडे-बोडके, विहिरी कोरड्या आणि कामासाठी गाव सोडून जाणारी कुटुंबे, असे तेथील चित्र होते. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपदाची धुरा आली आणि पुढे आदर्श गाव योजनेची जोड मिळाली. डोंगरउतारावर समपातळी चर खोदण्यात आले, बांधबंदिस्ती झाली, वृक्षलागवड करण्यात आली. श्रमदानाबरोबरच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे नियम ग्रामसभेने केले व गावाने पाळले.

कामे अनेक गावांत झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण कामानंतरच्या शिस्तीत आहे. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही, ऊस व केळी ही भरमसाट पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेसमोर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस कमी असेल त्या वर्षी अधिक पाणी लागणारी पिके टाळण्याचा निर्णय घेतला जातो. पिण्याचे पाणी प्रथम, जनावरांचे त्यानंतर आणि शेतीचे शेवटी, हा क्रम ठरलेला आहे. श्री. पवार यांच्या या कार्याचा पद्मश्री किताबाने गौरव झाला. येथे पर्जन्यमान वाढले नाही, शासनाने दूरच्या धरणाचा कालवाही आणला नाही. पडणाऱ्या पावसाशी गावाचे वागणे तेवढे बदलले.

खरी कसोटी ग्रामसभेत

कागदावरील हिशेब कितीही नेटका असला तरी त्याची कसोटी ग्रामसभेत लागते. तुटीच्या वर्षी ऑक्टोबरअखेर भरलेली एखाद्या गावाची सभा डोळ्यांसमोर आणावी. शाळेच्या फळ्यावर पावसाचा आणि विहिरींचा आकडा लिहिलेला आहे. सरपंच म्हणतात, “आबा, या साली कांदा निम्म्यावर आणावा लागंल. पाणी पुरायचं नाही.” आबा उठून उभे राहतात. “रोप टाकून झालंय, सरपंच. बियाण्याला सोसायटीचं कर्ज काढलंय. ते कुणी फेडायचं?” सभेत शांतता पसरते. आबांचा प्रश्न खोटा नाही. तेवढ्यात महिलांच्या बाजूने आवाज येतो, “भाऊ, उन्हाळ्यात हंडा घेऊन रानोमाळ आम्हालाच हिंडावं लागतं. प्यायचं पाणी आधी बाजूला काढा, मग कांद्याचं बोला.”

या दोन वाक्यांत पाणीप्रश्नाचे सारे मर्म सामावलेले आहे. ताळेबंद त्याग मागतो. आणि तो त्याग एकट्या आबांच्या माथी मारला गेला तर तो टिकणार नाही. सर्वांनी कांद्याचे क्षेत्र सारख्या प्रमाणात घटविले, उरलेले रोप ठिबक असलेल्या शेतात वाटून लावले, पुढील वर्षी हिशेब रोप टाकण्यापूर्वीच मांडण्याचे ठरले, तरच आबा पुन्हा सभेला येतील. वाटणी न्याय्य आहे असे ज्यास वाटते, तोच नियम पाळतो. पोलिसाच्या धाकाने विहिरीवरील पंप बंद राहत नाही.

न्याय्य वाटपाचा विचारही महाराष्ट्रात प्रत्यक्ष अजमावला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे श्री. विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. कुटुंबाकडे जमीन किती, यावर पाण्याचा वाटा न ठरविता घरात माणसे किती, यावर तो ठरविण्यात आला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, अशी मर्यादा घालण्यात आली. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला आणि ऊस वर्ज्य ठरविण्यात आला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही, असाही नियम होता. पाणी ही कोणा एकाच्या मालकीची वस्तू नसून ती गावाची ठेव आहे, हे तत्त्व या प्रयोगाने व्यवहारात उतरवून दाखविले.

विहिरीची खोली आणि कोळशाचा धूर

ताळेबंदामुळे गाव केवळ बदलत्या हवामानाशी जुळवून घेते असे नव्हे. बदलाच्या मूळ कारणालाही ते अल्प प्रमाणात आळा घालते. दहा मीटर खोलीवरून पाणी वर आणण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या दहापट ऊर्जा तेवढेच पाणी शंभर मीटर खोलीवरून उचलण्यास लागते. राज्यातील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासून तयार होतो. त्यामुळे भूजलाची पातळी खाली जाते तेव्हा शेतकऱ्याचा खर्च तर वाढतोच, शिवाय दूरच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशाचे प्रमाणही वाढते. पातळी वर राहिली तर दोन्ही वाचतात. बांधावरची झाडे, डोंगरावरचे गवत आणि शेतातच कुजविलेला पालापाचोळा हवेतील कार्बन काही प्रमाणात धरून ठेवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सेंद्रिय अंश वाढलेली माती अधिक ओल धरते आणि पावसाच्या खंडात पीक चार दिवस अधिक तग धरते.

याच संदर्भात दोन साधनांविषयी दक्षता बाळगावयास हवी. पहिले साधन सौर पंप. दिवसा हमखास चालणारा आणि विजेचे बिल न येणारा हा पंप शेतकऱ्यास वरदान आहे. रात्रीअपरात्री विंचू-काट्यातून पाणी द्यावयास जाण्याचा त्रास त्याने वाचतो. परंतु ऊर्जा फुकट झाली म्हणून पाणी फुकट होत नाही. उपशावर गावाचा नियम नसेल तर हाच पंप विहिरीचा तळ लवकर दाखवील. दुसरे साधन प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे. ओढ्याने वाहून जाणारे पाणी त्यात साठविले तर फळबागेला ते जीवदान ठरते. तेच तळे विहिरी उपसून भरले तर सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या तळ्यात जाऊन पडते आणि वर उन्हाने त्याची वाफ होते, ती वेगळीच. साधन चांगले की वाईट, हे त्याच्या वापरामागील हिशेबावरून ठरते.

शासनाची साथ

गावाच्या प्रयत्नांना पाठबळ मिळावे या दृष्टीने शासनस्तरावर विविध उपाययोजना करण्यात आल्या आहेत. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये भूजलाच्या उपलब्धतेनुसार पीकयोजना करण्याची आणि पाणलोट क्षेत्रनिहाय समित्या स्थापन करण्याची तरतूद आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील पाच हजारांवर गावांची निवड करण्यात आली आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद हा तेथील नियोजनाचा पाया मानण्यात आला. केंद्र शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रारंभ केलेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांचा समावेश झाला. तिचाही भर ग्रामपंचायतीने स्वतः जलसुरक्षा आराखडा तयार करण्यावर होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियानास आरंभ झाला. भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचमहाभूतांच्या आधारे स्थानिक संस्थांनी आपले काम तपासून पाहावे, अशी त्यामागील कल्पना आहे.

कायदा व योजना यांचे मोल मोठे असले तरी आराखडा कागदावर राहणे आणि शिवारात उतरणे यांत अंतर असते. ज्या गावात ताळेबंद केवळ अनुदानासाठी भरावयाचा एक तक्ता ठरतो, तेथे तो निधीबरोबरच संपतो. ज्या गावात तो दरवर्षी चावडीवर वाचला जातो, त्यावर वाद होतो आणि वादाअंती निर्णय होतो, तेथे तो गावाच्या रीतीचा भाग बनतो.

हातचे आणि हाताबाहेरचे

एखाद्या खेड्याने कितीही शिस्त पाळली तरी पृथ्वीचे तापमान त्यामुळे खाली येणार नाही. तो भार प्रामुख्याने ज्या देशांनी, उद्योगांनी आणि शहरांनी आजवर अधिक इंधन जाळले, त्यांनी उचलावयाचा आहे. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ दोन अंशांच्या बऱ्याच खाली राखण्याचे आणि ती दीड अंशावर रोखण्यासाठी झटण्याचे जगातील राष्ट्रांनी मान्य केले. भारतानेही २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. ही वचने पाळली जावीत असा आग्रह धरण्याचा खेड्यातील माणसाला पूर्ण अधिकार आहे. कारण कोरडवाहू शेतकऱ्याने हवा फारशी तापविली नाही, तिची झळ मात्र त्याला प्रथम लागते.

सलग दोन-तीन वर्षे पावसाने सर्वस्वी दगा दिला तर ताळेबंद मांडणारे गावही अडचणीत येईल, हेही मान्य करावयास हवे. हिशेबाने पाऊस पडत नाही. परंतु संकट किती मोठे आहे ते आधी कळते, घरातील शेवटचा हंडा कोणासाठी राखावयाचा ते ठरलेले असते आणि शेजारी शेजाऱ्याच्या विहिरीशी स्पर्धा करीत नाही. एकाने बोअर दोनशे फूट खोल नेली म्हणून दुसऱ्याने कर्ज काढून तीनशे फूट न्यावी, या शर्यतीत अनेक संसार बुडाले आहेत. ती शर्यत थांबली तरी गावाने मोठी लढाई जिंकली असे म्हणता येईल.

भविष्याविषयीची आशा म्हणजे पुढे सर्व काही ठीक होईल असे मानून स्वस्थ बसणे नव्हे. दिवाळीत वहीपूजन करून व्यापारी नव्या वर्षाचे खाते उघडतो, तेव्हा येणारे वर्ष नफ्याचे की तोट्याचे हे त्याला ठाऊक नसते. तरीही तो पहिल्या पानावर श्री लिहून जमा-खर्चाचे रकाने आखतो. साधारण त्याच सुमारास, पाऊस ओसरल्यावर आणि रब्बीच्या तोंडावर, गावानेही आपली पाण्याची वही उघडावी. गेल्या वर्षीची शिल्लक, यंदाचा पाऊस, विहिरींची पातळी आणि पिण्याच्या पाण्याची राखीव तजवीज, एवढे चार रकाने पहिल्या वर्षी पुरेसे आहेत. शाळेतील मुलांनी पर्जन्यमापक वाचावा, तरुणांनी विहिरी मोजाव्यात, महिलांनी पिण्याच्या पाण्याचा आकडा सांगावा आणि आबांसारख्या वडीलधाऱ्यांनी कोणत्या साली कोणता ओढा कधी आटला, ते आठवून लिहवून घ्यावे. नक्षत्रांवर विसंबता येत नाही अशा काळात या वहीचाच गावाला खरा आधार वाटेल.